चोर सापडतो, गिऱ्हाईक सुटते

वर्सोवा हे मुळात कोळ्यांचे गाव. कोणती होडी कोणाची, हे तेथे किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. गावापुरती तरी त्यासाठी कोणाला कागद दाखवावे लागत नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत या गावाभोवती सात बंगला, चार बंगला, यारी रोड, लोखंडवाला अशी दाट वस्ती उभी राहिली. ८ जून २०१४ रोजी घाटकोपरहून मेट्रो येथवर येऊन पोहोचली. माणसे वाढली आणि वाहनेही वाढली. वाहनाची ओळख मात्र शेजाऱ्याच्या डोळ्यांत नसते. ती एका क्रमांकात असते. पुढची आणि मागची पाटी बदलली, की कालपर्यंत दाराशी उभी असलेली मोटार आज समोरून गेली तरी तिच्या मालकाला ती ओळखता येईलच असे नाही. वाहनचोरीचा सारा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

या चोरीला आळा घालण्याचे स्थानिक प्रयत्न होतच नाहीत, असे म्हणता येणार नाही. गृहनिर्माण संस्था रखवालदार नेमतात, फाटकावर वही ठेवतात, कॅमेरे बसवितात. पोलीस रात्रीची गस्त घालतात, नाकाबंदी करतात, संशयित वाहनांचे कागद तपासतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईभर सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे सरकारी जाळे कार्यान्वित झाले. अधूनमधून एखादी टोळी पकडली जाते, दहा-वीस मोटारसायकली रांगेत उभ्या करून त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध होते आणि नागरिक समाधानाचा सुस्कारा टाकतात. काही महिन्यांनी दुसरी टोळी पकडली जाते, दुसरी रांग उभी राहते. चोर वेळोवेळी सापडत असूनही चोरी थांबत नसेल, तर बंदोबस्ताचा रोख चुकीच्या माणसाकडे आहे काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

नुकसान कोणाचे?

मोटारीची चोरी म्हणजे श्रीमंताचे किरकोळ दुःख, अशी एक समजूत पूर्वी होती. फियाट गाडीसाठी वर्षानुवर्षे आणि बजाजच्या स्कूटरसाठी त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागे, त्या दिवसांत ती काही अंशी खरीही असेल. आज परिस्थिती उलट आहे. श्रीमंताची गाडी तळघरातील वाहनतळावर पहाऱ्यात असते आणि तिचा सर्वंकष विमा उतरविलेला असतो. रस्त्याच्या कडेला उभी राहते ती कारकुनाची मोटारसायकल, शिकवणीला जाणाऱ्या शिक्षिकेची स्कूटर, रिक्षावाल्याची रिक्षा आणि पहाटे मासळी घेऊन बाजार गाठणारा टेंपो.

मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला इजा झाली तर तो उपयोगी पडतो. स्वतःचे वाहन चोरीस गेले तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. चोरीचे संरक्षण हवे असल्यास अधिक हप्ता भरावा लागतो, आणि वाहन जुने झाले की पैसे वाचविण्यासाठी मालक नेमके तेच संरक्षण सोडतो. साहजिकच, ज्याला नुकसान सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच पदरी संपूर्ण नुकसान येते. रिक्षा गेली तरी कर्जाचा हप्ता जात नाही. तो पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही गोष्ट काही प्रमाणात ओळखली आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या साधनाची चोरी केल्यास कलम ३०५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहन चोरताना चोर पुष्कळदा एका कुटुंबाचा रोजगार चोरून नेतो, हे कायद्याला कळले असे म्हणावयास हरकत नाही.

चोरलेल्या वाहनाचे पुढे काय होते?

चोरीस गेलेल्या वाहनाच्या पुढे साधारणतः तीन वाटा असतात. पहिली वाट तात्पुरत्या वापराची. कोणी चार दिवस भटकण्यासाठी गाडी नेतो, कोणी तिच्यावर बसून सोनसाखळी ओढतो आणि मग ती कोठेतरी टाकून देतो. दुसरी वाट सुट्या भागांची. गाडी एखाद्या आडबाजूच्या शेडमध्ये जाते आणि काही तासांत तिचे दरवाजे, चाके, दिवे, गिअरबॉक्स वेगळे होतात. इंजिनावर आणि सांगाड्यावर क्रमांक असतो. आरशावर, दाराच्या पत्र्यावर बहुधा नसतो. क्रमांक नसलेल्या वस्तूचा मालक कोण, हे सिद्ध करणे दुरापास्त होते.

तिसरी वाट सर्वांत चतुर आहे. अपघातात पार चेचलेली गाडी भंगाराच्या भावात विकत घेतली जाते. घेणाऱ्याला तिच्या लोखंडाशी कर्तव्य नसते. त्याला हवे असतात तिचे कागद. मग त्याच बनावटीची, त्याच रंगाची धडधाकट गाडी चोरली जाते, तिचा चॅसी क्रमांक कापून वा खरवडून तेथे मेलेल्या गाडीचा क्रमांक बसविला जातो, आणि खऱ्या नोंदणीपत्रासह चोरीची गाडी उजळ माथ्याने बाजारात येते. येथे कागद खरे असतात, खोटी असते ती गाडी.

यांपैकी पहिली वाट सोडली, तर उरलेल्या दोन्ही वाटा गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन संपतात. चोराला गाडी नको असते, पैसे हवे असतात. सुटे भाग घेणारा दुकानदार, कागदांचा व्यापार करणारा दलाल आणि ‘स्वस्तात मिळते आहे’ म्हणून डोळे मिटून घेणारा ग्राहक या साखळीतून वजा केला, तर चोरलेली मोटार हे चोराच्या गळ्यातले एक टनाचे लोढणे ठरेल.

कुलपांची मर्यादा

कुलूप, कॅमेरा, रखवालदार हे सारे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. परदेशांचा अनुभव येथे बोलका आहे. पश्चिम जर्मनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जुन्या-नव्या सर्व मोटारींना सुकाणूचे कुलूप सक्तीचे केले आणि तेथील मोटारचोरी एकदम खाली आली. ब्रिटनने तेच कुलूप १९७१ पासून, परंतु फक्त नव्या मोटारींना लावले. ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लंडनपुरते असे दिसून आले की, चोरीस जाणाऱ्या गाड्यांतील नव्या गाड्यांचा वाटा सुमारे एक-पंचमांशावरून विसाव्या हिश्शावर उतरला, पण जुन्या गाड्यांवरील संकट तेवढेच वाढले. चोर तेच राहिले, फक्त गाड्या बदलल्या. याच पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वाराला जागीच दंड होऊ लागला, आणि पुढील सहा वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटल्या. उभी गाडी दिसली म्हणून पळविणाऱ्या चोराच्या हाती हेल्मेट नसे आणि त्यावाचून तो पहिल्याच चौकात अडविला जाई.

या अनुभवांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. हौशी चोराला लहानसा अडथळाही पुरतो. पण तो अडथळा सर्वांच्या दारी सारखा नसेल, तर चोर नुसता शेजारच्या दारी जातो. सात बंगल्यातील सधन संस्थेने दहा कॅमेरे लावले, तर चोर यारी रोडवरील जुन्या, वाहनतळ नसलेल्या इमारतीकडे वळेल. तेथे पहारा बसला, तर तो जोगेश्वरीला किंवा गोरेगावला जाईल. वर्सोव्याच्या हद्दीतील आकडा उतरेल, शेजारच्या हद्दीतील चढेल, आणि शहराच्या हिशेबात काडीचाही फरक पडणार नाही.

कायद्याने ओळखलेला खरा गुन्हेगार

गिऱ्हाईक हाच या धंद्याचा कणा आहे, ही जाणीव आजची नव्हे. १८६० च्या भारतीय दंडविधानात साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ४११ ने तेवढीच शिक्षा ठेवली होती. परंतु चोरीच्या मालाची सवयीने खरेदी-विक्री करणाऱ्याला कलम ४१३ खाली जन्मठेप, अथवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. नव्या न्याय संहितेच्या कलम ३१७ ने हीच उतरंड कायम ठेवली आहे. चोराला तीन वर्षे आणि त्याच्या कायमच्या खरेदीदाराला जन्मठेप, हा भेद अकारण केलेला नाही. एक खरेदीदार दहा चोरांना पोसतो, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच हेरले होते.

प्रत्यक्षात मात्र तपासाची दोरी बहुधा चोरापाशीच तुटते. चोर पकडला, वाहन परत मिळाले, की गुन्हा ‘उघडकीस’ आला असे मानले जाते. माल घेणाऱ्याविरुद्ध ‘तो चोरीचा आहे हे त्यास ठाऊक होते’ किंवा ‘तसे मानण्यास त्याला कारण होते’ हे शाबीत करावे लागते. त्यासाठी दुकानाच्या वह्या, पावत्या, पैशांची देवघेव तपासावी लागते. रस्त्यावर सापळा लावण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे, आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. तथापि इच्छा असेल तर हे होऊ शकते. उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी आणि चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी कित्येक वर्षे कुप्रसिद्ध होता. तेथील पोलिसांनी चोरांच्या मागे धावण्याबरोबरच व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर टाच आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये बाजाराची दारे बंद झाली. सरसकट बाजार बंद करणे हा न्याय्य मार्ग आहे काय, याविषयी मतभेद होऊ शकतील. कारण जुन्या भागांचा प्रामाणिक व्यापार हाही अनेकांचा चरितार्थ आहे. परंतु प्रामाणिक व्यापाऱ्याला पावती ठेवण्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

अशी व्यवस्था उभारण्यास लागणारे नियमही आता आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राने कोणतेही वाहन मोडीत काढण्यापूर्वी, ते चोरीच्या वाहनांच्या नोंदीत नाही ना, हे पडताळून पाहावयाचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक केले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या व्यवस्थेत एखादे वाहन चोरीचे म्हणून नोंदले आहे काय, हे सामान्य नागरिकालाही पाहता येते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना सहज न निघणारी, ठसा उमटविलेली अतिसुरक्षित क्रमांकपाटी सक्तीची आहे. महाराष्ट्रात जुन्या वाहनांसाठी २०२५ मध्ये तिची मुदत वारंवार वाढवावी लागली, यावरून नागरिकांचा उत्साह आणि कारभाराचा वेग या दोहोंची कल्पना येते. अंधेरीचे प्रादेशिक परिवहन कार्यालय वर्सोव्याच्या वाटेवरच, आंबिवली येथे आहे. पश्चिम उपनगरांतील कितीतरी गाड्यांच्या ‘एमएच ०२’ या ओळखीचे मूळ त्याच कार्यालयात आहे. गाडी समोर उभी करून, चॅसी क्रमांकावर बोट फिरवून, जुळणी झाल्याखेरीज कागदावर सही न करण्याची शिस्त अशा कार्यालयांतून पाळली गेली, तर मेलेल्या गाडीच्या नावावर जिवंत गाडी खपविणाऱ्यांचा अर्धा धंदा तेथेच बसेल.

फिर्यादीची परवड

पोलीस ठाण्यातील पहिला तास या साऱ्यात निर्णायक असतो. ‘आधी आजूबाजूला शोधून पाहा, कोणी ओळखीच्याने नेली असेल,’ हा सल्ला अनेक फिर्यादींना ऐकावा लागतो. सल्ला वाईट हेतूने दिलेला असतोच असे नाही. परंतु नोंद झालेल्या गुन्ह्यांचा आकडा कमी दिसावा, ही ओढही त्यामागे असू शकते. तोवर गाडी जिल्ह्याबाहेर गेलेली असते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आणखी पुढे जाऊन, हद्द कोणाचीही असो, खबर नोंदवून घेण्याची आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊन तीन दिवसांत सही करण्याची सोय केली. नोंद वेळेवर होण्यावर विम्याची रक्कमही अवलंबून असते. पोलिसांत तत्काळ फिर्याद दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला.

गाडी सापडली तरी मालकाची परवड संपतेच असे नाही. ती ‘मुद्देमाल’ बनते आणि ठाण्याच्या आवारात उभी राहते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा काढला, की तिचे भंगार होण्यास वेळ लागत नाही. ज्याची गाडी चोराने नेली, त्याची गाडी मग सरकार गंजवते. वाहने ठाण्यात दीर्घकाळ अडकवून न ठेवता पंचनामा, छायाचित्रे आणि हमीपत्र घेऊन लवकर परत करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावले होते. त्यानंतरही ठाण्यांबाहेरील गंजक्या गाड्यांचे ढीग शहराला अपरिचित झालेले नाहीत.

क्रमांकाची शिस्त केवळ मालमत्तेच्या रक्षणासाठी नव्हे, शहराच्या सुरक्षेसाठीही हवी. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर वरळीला सोडून दिलेली एक मारुती व्हॅन सापडली, आणि तिच्या नोंदणीच्या आधारे पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रोळीहून चोरीस गेल्याची तक्रार असलेली मोटार बनावट पाटी लावून दक्षिण मुंबईत जिलेटिनच्या कांड्यांसह उभी आढळली. ती चोरीच मुळात बनाव होती, असा आरोप पुढे राष्ट्रीय तपास संस्थेने ठेवला. पहिल्या प्रसंगी खऱ्या नोंदीने तपासाला वाट दाखविली. दुसऱ्या प्रसंगी खोट्या पाटीने शहराला घोर लावला.

वर्सोव्याला काय करता येईल?

स्थानिक प्रयत्नांची ताकद वर्सोव्याला नव्याने सांगावयास नको. ऑक्टोबर २०१५ मध्ये एका तरुण वकिलाने, अफरोज शहा यांनी, शेजाऱ्याला सोबत घेऊन कचऱ्याने भरलेला किनारा साफ करावयास घेतला. शेकडो लोक त्यात सामील झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूवरून कासवांची पिल्ले समुद्रात गेली. या कामाचे मर्म असे की, कचरा उचलून शेजारच्या किनाऱ्यावर टाकला गेला नाही. वाहनचोरीबाबतही हाच विवेक हवा. आपल्या गल्लीतून चोर हुसकावला म्हणजे काम झाले, असे न मानता त्याचा माल खपणार नाही अशी तजवीज केली पाहिजे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. संस्थांनी सभासदांच्या वाहनांचे इंजिन व चॅसी क्रमांक एका वहीत नोंदवून ठेवावेत. चोरीनंतर कागद शोधण्यात जाणारा वेळ वाचेल. काचांवर आणि मोठ्या भागांवर नोंदणी क्रमांक कोरून घ्यावा, म्हणजे बिनक्रमांकाचा माल आपोआप दुर्मीळ होईल. कित्येक दिवस धूळ खात उभ्या असलेल्या अनोळखी गाडीची खबर ठाण्यास द्यावी. चोर पुष्कळदा गाडी लगेच न हलवता गर्दीच्या वाहनतळावर ‘थंड’ होऊ देतो. परिसरातील गॅरेजवाल्यांनी जुना भाग कोणाकडून घेतला याची नोंद ठेवावी आणि गिऱ्हाइकाने ती मागावी. पोलिसांनीही पकडलेल्या चोरांबरोबर पकडलेल्या खरेदीदारांचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. त्या एका आकड्यावरून बंदोबस्ताचा खरा रोख कोठे आहे, ते कळेल.

मात्र या उत्साहात एक सावधगिरी आवश्यक आहे. चोरी झाली की संशयाची पहिली नजर जाते ती रात्रपाळीच्या रखवालदारावर, गाड्या धुणाऱ्या पोरावर, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही जुनी खोड आहे. ज्यांना गस्तीत सोबत घ्यावयाचे, त्यांनाच संशयित ठरविले, तर गल्लीतले सर्वांत सावध डोळे मिटतील. शिवाय गाडी फोडून घेणारे शेड आणि खोट्या कागदांचे व्यवहार त्यांच्या हातात नसतात. ते करणारे लोक बऱ्यापैकी प्रतिष्ठेने वावरत असतात.

शेवटी हा प्रश्न सुशिक्षित मध्यमवर्गाच्याही दाराशी येतो. आरसा फुटला, दिवा गेला की कंपनीच्या भावापेक्षा अर्ध्या किमतीत मिळणारा भाग कोठून आला, हे विचारण्याची पद्धत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी जुनी मोटारसायकल घेताना ‘कागद महिन्याभरात करून देतो’ या शब्दावर पैसे मोजले जातात. शिक्षक, कारकून, विद्यार्थी ही माणसे चोर नव्हेत. पण त्यांच्या न विचारलेल्या प्रश्नावर चोराचा संसार चालतो. आज ज्याने पावतीविना आरसा घेतला, त्याचीच स्कूटर उद्या आरशासाठी उचलली जाऊ शकते. कॅमेरा आणि गस्त रात्रीची राखण करतील. दिवसाढवळ्या, उघड्या बाजारात चालणारा या चोरीचा उत्तरार्ध रोखावयाचा असेल, तर दुकानाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने पावती मागण्यावाचून दुसरा उपाय नाही.